पिवळा लेप

दर मंगळवारी मी एका बाईचा डबा भरत असे आणि दर मंगळवारी त्याचं झाकण गरजेपेक्षा जास्त जोरात दाबत असे. जवळजवळ वर्षभर हे चाललं. डब्यात मऊ खिचडी, ताकाची कढी आणि एका छोट्या डबीत आलेपाक. सगळं मनापासून केलेलं, मीठ चाखून बघितलेलं. फक्त झाकण लावताना माझ्या तळहातात काहीतरी शिरायचं. "वहिनी, तुमचा डबा उघडायला चमचा घालावा लागतो," असं ती हसत सांगायची आणि मी म्हणायची, "सांडू नये म्हणून गं."

ती आमच्याच गल्लीत, इंदिरा नगरात, चार घरं सोडून राहते. मूळची नागपूरची, इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मूलबाळ नाही. तिचा नवरा बंगळुरूला नोकरीला असतो. मला ती वहिनी म्हणते आणि माझ्या नवऱ्याला दादा. लखनौमध्ये आम्ही मराठी माणसं मोजकीच, त्यामुळे कुणाच्या घरी आजारपण आलं की बाकीच्या घरांनी पाळ्या लावून घ्यायच्या अशी आमची रीत आहे. कुणी डबा द्यायचा, कुणी दवाखान्यात बसायचं. गावाकडची माणसं दीड दिवसाच्या प्रवासावर असतात, त्यांच्या भरवशावर कोण राहणार?

तिला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा अशाच पाळ्या ठरल्या. डबा माझ्याकडे आला आणि मंगळवारी तिला दवाखान्यात नेणं-आणणं माझ्या नवऱ्याकडे. तो रेल्वेत इंजिनिअर आहे आणि त्या वर्षी त्याला साइटवर जावं लागत नव्हतं, चारबाग स्टेशनजवळच्या ऑफिसातच काम होतं. दोन महिन्यांत बाकीच्यांच्या पाळ्या ढिल्या पडल्या. कुणाच्या मुलाची बारावी, कुणाची बदली. माझ्या नवऱ्याचा मंगळवार मात्र एकदाही चुकला नाही.

आता हा माणूस घरी कसा आहे ते सांगते. पंचवीस वर्षांत मला जेव्हा जेव्हा ताप आला तेव्हा थर्मामीटर कुठे आहे हे त्याने मलाच विचारलं. मुलीच्या वेळी मी दवाखान्यात होते तर हा माझ्या चपला घरी विसरून मला अनवाणी घेऊन आला. आणि या बाईसाठी त्याने निळी फाईल केली. तिला रंगीत पट्ट्या लावल्या, रक्ताच्या रिपोर्टना लाल, स्कॅनला हिरव्या, औषधांच्या चिठ्ठ्यांना पिवळ्या. गाडीच्या कप्प्यात कागदी पिशव्या आणि ओले रुमाल ठेवले. कुठल्या वासाने तिला मळमळतं ते त्याला तोंडपाठ होतं. "फोडणीत हिंग घालू नकोस, तिला सहन होत नाही," असं तो मला सांगायचा. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या फोडणीबद्दल!

बुधवारी मी भाजीला जायला गाडीत बसले की पुढची सीट मागे कललेली असायची. तिला बसून यायला त्रास व्हायचा, म्हणून तो ती पाडून द्यायचा आणि नंतर सरळ करायला विसरायचा. मी त्या सीटमध्ये अर्धी आडवी व्हायचे, समोर रस्ता दिसायचा नाही, गाडीचं छत दिसायचं. मी खाली हात घालून ती खाडकन वर घ्यायचे. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच.

मला संशय वगैरे नव्हता. हे स्पष्ट सांगते, कारण वाचणाऱ्याच्या मनात आधी तेच येणार. संशय असता तर बरंच झालं असतं, निदान भांडता आलं असतं. इथे तो चांगलं काम करत होता, ती आजारी होती, केस गेले होते, एक बाजू काढून टाकलेली होती, आणि मी तिच्यावर जळत होते. शेजारणी म्हणायच्या, "भाईसाहब तो देवता हैं." मी मान डोलवायचे आणि घरी येऊन आलं किसायला घ्यायचे. आजारी माणसाचा हेवा करणाऱ्या बाईने तक्रार कुठे करायची? मूग गिळून गप्प बसणं एवढंच हातात होतं.

गेल्या दसऱ्यानंतर तिचे उपचार संपले. आम्ही बायकांनी तिच्यासाठी हळदीकुंकू करायचं ठरवलं आणि सगळ्यांनी मिळून तिला इथल्या भरतकामाची, चिकनकारीची साडी द्यायची. चौक बाजारातल्या दुकानात साडी पसंत करून ठेवलेली होती, ती आणायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांना वाटतं माझ्याइतकं तिचं कुणीच करत नाही.

चौकातून येताना मी ई-रिक्षात बसले. साडी पुठ्ठ्याच्या पसरट खोक्यात होती. खोकं दबू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं, नैवेद्याचं ताट धरावं तसं. पुढे एक मोटारसायकल आडवी आली, रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला आणि मी समोरच्या लोखंडी दांड्यावर आदळले. डाव्या स्तनावर, सरळ. डोळ्यांपुढे काजवे चमकले. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "पकड़ के बैठना था ना, मैडम!" कशाने पकडणार होते? हातांत तिची साडी होती.

साडीला एक सुरकुती पडली नव्हती. हळदीकुंकवाला ती नेसून आली, मोतिया रंगाची, केस बोटभर वाढलेले. सगळ्या म्हणाल्या, किती गोड दिसतेस. तिला परत सोडायला निघताना नवरासुद्धा म्हणाला, "छान आहे साडी." मी अत्तरदाणी घेऊन उभी होते आणि पदराखाली नुसता ठणका लागला होता.

रात्री मी त्याला सांगितलं. मार बसलाय, काळंनिळं झालंय, फार दुखतंय. त्याने मोबाइलमधून मान वर केली. "मुका मार आहे. आईची लेपगोळी आहे ना, ती लाव. दोन दिवसांत जाईल."

आमच्या घरात लेपगोळीवर फार श्रद्धा आहे. सासूबाई कराडहून पाठवतात, तिथल्या एका वैद्यांकडून घेऊन. मातकट पिवळी, आवळ्याएवढी गोळी. तिच्यात आंबेहळद असते, रक्तचंदन असतं आणि आणखी काय काय झाडपाला-माती. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून उगाळायची, कोमट करायची आणि दुखऱ्या जागी जाड थर द्यायचा. पाय मुरगळला, लेप. डोकं आपटलं, लेप. मुलीच्या सायकलच्या दिवसांत आमच्या घरातल्या उशांचे अभ्रे पिवळे असत. उगाळायची मी, लावायची मी, अभ्रे धुवायची मी. तेव्हा याही वेळी मीच उगाळली आणि मीच लावली.

दोन दिवसांत काही गेलं नाही. काळंनिळं हिरवट झालं, मग दिसेनासं झालं, पण दुखणं बसलं ते बसलंच. कुशीवर झोपता येईना, जिना उतरताना हाताने धरावं लागे. मी लेप लावत राहिले. कातडी पिवळी पडली, धुतली तरी पिवळीच. तीन महिने असे गेले. मग थंडीत एकदा आंघोळ करताना माझ्या बोटांना त्याच जागी गाठ लागली. सुपारीएवढी, टणक.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. पहिला विचार आला, आता माझा मंगळवार. भीती त्यानंतर आली. बादलीतलं पाणी निवत होतं, पण आधी तो विचार आला होता हे खरं आहे. मी बाथरूममध्ये उभी राहून स्वतःला एक सणसणीत शिवी दिली.

आठ दिवस मी गप्प राहिले. नवऱ्याला सांगायचं तर तो पुन्हा लेपच सांगेल असं वाटायचं. बायकांमध्ये सांगायचं तर त्यांना वाटेल, हिने तिचं बघूनच हे दुखणं काढलं. शेवटी मुलीने पकडलं. ती कॉलेजात आहे, मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. मी कणीक मळताना डावा हात छातीशी दाबून धरला होता.

"मम्मा, तीन महीने हो गए यार. दिखा लो ना किसी को."

"लेप लावतेय ना मी."

"हाँ, और लेप से क्या हुआ? मैंने मौसी को बता दिया है."

मौसी म्हणजे तीच. मला असा संताप आला की हातातला कणकेचा गोळा परातीत आपटला. तासाभरात तिचा फोन. तिच्याच डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेवली होती. म्हणजे माझं दुखणंसुद्धा तिच्या वशिल्याने बघितलं जाणार होतं.

नवऱ्याला आता सांगावंच लागलं. गाठ आहे म्हटल्यावर तो उठून गॅलरीत गेला, आत आला आणि म्हणाला, "मुक्या माराने गाठ येते. येते कधी कधी." मला राग आला. तिच्या वेळी याने रात्र रात्र बसून माहिती वाचली होती.

दवाखान्यात गेल्यावर तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दारावरच्या सुरक्षारक्षकाने नवऱ्याला सलाम केला. लिफ्टवाल्याने न विचारता तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. काउंटरवरची मुलगी आनंदाने म्हणाली, "अरे सर! मैडम कैसी हैं? सब ठीक है ना?" मॅडम म्हणजे ती. मी त्याच्या बाजूलाच उभी होते, पर्स पोटाशी धरून. "वो ठीक हैं," नवरा म्हणाला. "आज इनको दिखाना है. मेरी वाइफ़." त्या मुलीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आजवर कुठे होते असा तिला प्रश्न पडला होता. आणि पाणी कुठे मिळतं, कुठल्या खुर्चीवर पंख्याचा झोत येतो, सगळं त्याला ठाऊक. एका खुर्चीकडे बोट करून तो म्हणाला, "तिथे नको बसू, तिथून औषधांचा वास येतो." कुणाच्या नाकासाठी हा शोध लागला होता ते मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. कधी लागलं, कसं लागलं, दुखणं पाळीच्या आधी वाढतं का, घरात कुणाला होतं का, सगळं विचारलं. हळूच तपासलं. पिवळ्या कातडीकडे बघून म्हणाल्या, "यह क्या लगाती हैं आप?" मी सांगितलं. त्या हसल्या. "इससे तो चोट का नीला निशान भी नहीं दिखेगा." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "देखिए, चोट लगने से कैंसर नहीं होता. लेकिन चोट की वजह से हाथ वहाँ जाता है, और कभी-कभी जो पहले से हो, वह पता चल जाता है. चोट की अपनी गाँठ भी बनती है. अंदाज़ा नहीं लगाएँगे, जाँच करेंगे." मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी लिहून दिली. काउंटरवरच्या मुलीने सूचनांचा कागद दिला. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की तपासणीच्या दिवशी अंगाला पावडर, क्रीम, तेल, लेप काहीही लावू नये.

तो कागद मी वाचला होता. दोनदा वाचला होता. म्हणजे पुढचं जे झालं त्याला अडाणीपणाची सबब नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावून स्वयंपाकघरात आले तर नवरा ओट्यापाशी उभा. पुढे सहाण. हातात लेपगोळी. बाह्या वर सारून तो उगाळत होता, दातांत जीभ धरून, एखाद्या पुलाचं गणित सोडवत असल्यासारखा. पाणी जास्त झालं होतं, लेप पळीने वाढण्याइतका पातळ झाला होता, ओट्यावर पिवळे ओघळ आले होते. पंचवीस वर्षांत त्याने ती सहाण उचललेली मी पाहिली नव्हती.

"उद्या ते यंत्रात दाबतात," तो म्हणाला. "दुखेल तुला. आज जरा जाड लाव."

उद्या काही लावायचं नाही असं सांगितलंय, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. त्याने वाटी कोमट केली, खोलीत आणली, दार लावलं. आणि मी म्हटलं, "तुम्हीच लावा." त्याने दोन बोटांनी लावला. इतका हलका की मला नीट जाणवतही नव्हतं. मधेच थांबून विचारायचा, "दुखतंय?" मी म्हणायची, "थोडं." दुखत नव्हतं त्या वेळीसुद्धा म्हटलं.

सकाळी धुकं इतकं की गल्लीतला दिवा दिसत नव्हता. मी दोन तांबे पाणी घेतलं, वरवर हात फिरवला. घासून काढायला माझा हात होईना. याच्या हातचं पहिलं काहीतरी अंगावर होतं, ते मी काथ्याने खरडणार होते का? तपासणीच्या खोलीतल्या बाईने विचारलं, "कुछ लगाया तो नहीं है?" मी म्हटलं, "नहीं, पुराना दाग है. महीनों से है." डाग जुना होता हे अर्धं खरं होतं. तिने मान हलवली आणि यंत्राची काच खाली घेतली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. चित्रात बारीक पांढरे ठिपके दिसत आहेत. तीन दिवसांनी परत या, जास्त जवळून चित्रं घ्यावी लागतील, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढावा लागेल. सोनोग्राफीही तेव्हाच करू.

मी तिला फोन केला. का केला माहीत नाही. तिच्यावर वर्षभर जळलेली बाई मी, पण ठिपके या शब्दाचा अर्थ विचारायला मला दुसरं कुणी नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, मलाही आधी ठिपकेच सांगितले होते." लगेच स्वतःला सावरून म्हणाली, "पण ठिपके दहा प्रकारचे असतात हो. मी येते तुमच्याबरोबर."

त्या संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तो हातात फाईल घेऊन. नवी, हिरव्या रंगाची. टेबलावर बसून त्याने माझे कागद पंच केले, रंगीत पट्ट्या कापल्या, पहिल्या पट्टीवर सुबक अक्षरात 'स्कॅन' असं लिहिलं आणि फाईल माझ्यापुढे सरकवली. ज्या फाईलसाठी मी वर्षभर जळले होते ती माझ्यापुढे आली आणि मला ती हातात धरवेना. मागच्या पट्ट्या अजून कोऱ्या होत्या. त्या भरायला किती मंगळवार लागतात ते मी डबे भरून मोजलेलं होतं. मी उठून बेसिनपाशी गेले आणि धुतलेल्या वाट्या पुन्हा धुवायला लागले.

मला काही नको होतं. ना सलाम, ना कललेली सीट. मला मुलीचं लग्न बघायचं होतं, ती कुणाशी का करेना, कुठल्याही भाषेत का करेना. पण ते तीन दिवस तो रोज संध्याकाळी लेप उगाळायचा, रोज आधीपेक्षा जाड, आणि मी रोज लावून घ्यायची. दुसरं काय करावं ते त्यालाही कळत नव्हतं आणि मलाही. सूचनांचा कागद आम्हा दोघांनाही आठवला नाही. पहिल्या वेळी मी तो मुद्दाम विसरले होते, या वेळी खरोखरच.

ठरल्या सकाळी मी पांढरा चिकनचा कुर्ता घातला आणि आम्ही तिघं निघालो. गाडीपाशी ती सवयीने पुढच्या दाराकडे गेली, मग थबकली आणि मागे जाऊन बसली. मी पुढे बसले. सीट कललेली होती. मी ती वर घेतली नाही, तशीच छताकडे बघत गेले.

कपडे बदलायच्या खोलीत पुरुषांना जाऊ देत नाहीत. ती आत आली. मला हात वर करता येत नव्हता म्हणून कुर्ता काढायला तिने मदत केली, आणि मग ती तशीच उभी राहिली.

"वहिनी, हे काय?"

मी खाली बघितलं. लेप वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. स्तनाच्या खालच्या घडीत तर पिवळी भुकटी साचलेली होती, अंतर्वस्त्रालाही लागलेली.

"लेप आहे. मुक्या मारावर लावतात."

"मागच्या वेळी होता?"

मी कुर्त्याची घडी घालायला घेतली. तिला ते कळलं. शास्त्रज्ञ आहे ती. "अहो, यात माती असेल, काहीतरी खनिज असेल. ते चित्रात पांढरं उमटतं! साधी पावडरसुद्धा उमटते. कागद वाचला नाही का तुम्ही?" तिचा आवाज चढला होता, आणि मग तिचा चेहरा एकदम सैल पडला. "देवा. ते ठिपके म्हणजे हेच असू दे."

बाहेर जाऊन तिने तपासणी करणाऱ्या बाईला सगळं सांगितलं, त्या बाईची बोलणी माझ्या वतीने खाऊन आली, कापूस आणि गरम पाणी घेऊन आली. पर्समधली खोबरेल तेलाची बाटली काढली. मला स्टुलावर बसवलं आणि पुसायला लागली. घडीतून, कडेने, एकेक कण. डोकं खाली घालून ती काम करत होती, तिचे नवे आलेले कुरळे केस माझ्या हनुवटीला लागत होते. तिच्या ओढणीखाली एका बाजूला कापसाची उशी होती, ती वाकल्यावर जराशी सरकली. तिने ती कोपराने नीट केली आणि पुसत राहिली.

"इतका जाड कुणी लावला?" तिने विचारलं.

"यांनी. रोज स्वतः उगाळून."

हे मी साधेपणाने सांगितलं नाही. मला माहीत आहे मी कसं सांगितलं ते. वर्षभराचं सगळं त्या 'स्वतः'मध्ये घालून सांगितलं.

तिने कापसावर आणखी तेल घेतलं. मग वर न बघता म्हणाली, "माझ्याकडे अजून कुणी बघितलंही नाही, वहिनी. आमचे हे बंगळुरूहून आले होते तेव्हा मी एकदा दाखवणार होते त्यांना. ते म्हणाले, राहू दे, आणि पंखा लावायला उठले."

त्यानंतर तिचा हात जड झाला. कापूस तोच, तेल तेच, पण ती आता दाबून पुसत होती, डाग निघून गेल्यावरसुद्धा. "दुखतंय गं," मी म्हटलं. "निघायला हवं ना," ती म्हणाली, आणि आणखी दाबलं. तो हात मी ओळखला. त्या जोराने मी मंगळवारी झाकणं लावत आले होते. मी दुसऱ्यांदा दुखतंय म्हटलं नाही.

नवीन चित्रांत एकही ठिपका नव्हता. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळं पुढ्यात ठेवून सांगितलं की मार बसल्यामुळे आतली चरबी दुखावून तिची गाठ झाली आहे, असं होतं, ती निरुपद्रवी आहे, सुई घालायची गरज नाही. दुखणं अजून काही महिने राहील. नीट आधार देणारं अंतर्वस्त्र वापरा, दुखलं तर साधी गोळी घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. "और वह लेप," त्या बोट उगारून म्हणाल्या, "बिल्कुल बंद." नवऱ्याने अपराध्यासारखी मान खाली घातली. माझे डोळे पुसायला त्याने खिशातून ओला रुमाल काढला, गाडीच्या कप्प्यात असायचा तसलाच. मला रडू आलं ते सुटल्याचं होतं. पण खोटं कशाला बोलू, लेप बंद म्हटल्यावर आत कुठेतरी चुटपुटही लागली.

बाहेर ती खुर्चीवर बसली होती. त्या वास येणाऱ्या खुर्चीवर. नवऱ्याने तिला लांबूनच हाताने खूण केली, काही नाही म्हणून. ती उठली, मला मिठी मारली, दुखऱ्या बाजूला धक्का न लावता. मग बाजूला झाली आणि तिची नजर माझ्या कुर्त्यावर गेली. अंतर्वस्त्राला लागलेला लेप पांढऱ्या चिकनमधून वर आला होता, छातीवर तळहाताएवढा पिवळा डाग. ती त्या डागाकडे बघत राहिली.

मी ओढणी पुढे घेऊन तो झाकला. लगेच नाही. थोडा वेळ तिला बघू दिलं, मग झाकला.